बहुरूपी खेळणीं

लहान मुलांच्या खेळण्यांचा इतिहास लिहिण्याच्या भानगडींत मोठीं माणसें सहसा पडत नाहींत. लढाया, तहनामे, सनदा आणि वंशावळी यांच्या शोधांत आयुष्य वेंचणारे संशोधक आपणांस पुष्कळ आढळतील. परंतु कोनाड्यांत पडलेलें एखादें मोडकें खेळणें उचलून, तें कोठून आलें, कोणीं केलें आणि कशासाठीं केलें, असें विचारणारा मनुष्य विरळा. खरें पाहतां खेळण्याइतका भाबडा साक्षीदार मिळणें कठीण. ताम्रपट बनावट असूं शकतो, बखरकार आपल्या धन्याची स्तुति करतो. खेळण्याला मात्र आपल्या काळाविषयीं कांहीं लपवितां येत नाहीं. त्या काळीं कोणता पदार्थ स्वस्त होता, कोणतें यंत्र अद्भुत वाटत होतें, आणि मुलाच्या हातीं काय द्यावें असें वडील माणसांना वाटत होतें, हें सारें त्याच्या अंगावर उमटलेलें असतें.

श्रोतेहो, आज मी ज्या खेळण्यांविषयीं बोलणार आहें, तीं आपल्यापैकीं कित्येकांनीं आपल्या घरांतच पाहिलीं असतील. दिसावयास मोटार, पण चार-दोन ठिकाणीं दुमडली, ओढली, फिरविली कीं तिच्या कुशींतून हात निघतात, टपाखालून डोकें वर येतें, आणि पाहतां पाहतां मोटारीचा यंत्रमानव उभा राहतो. 'ट्रान्सफॉर्मर्स' हें त्यांचें नांव. आपल्या भाषेंत त्यांना बहुरूपी म्हणण्यास हरकत नाहीं. कारण आज एक सोंग आणि उद्यां दुसरें, हा बहुरूप्याचा धर्म त्यांनीं पूर्णपणें उचलला आहे. १९८४ सालीं हें नांव धारण करून तीं अमेरिकेच्या बाजारांत आलीं व तेथून जगभर पसरलीं. परंतु त्यांचा जन्म अमेरिकेंतला नव्हे. तीं जपानांतून आणलेलीं होतीं, आणि जपानांत त्यांचीं नांवें निराळीं, कुळें निराळीं, गोष्टीहि निराळ्या होत्या. समुद्र ओलांडतांना त्यांच्या पोटांतून एक वस्तु काढून टाकण्यांत आली आणि तिच्या जागीं दुसरी घालण्यांत आली. काय काढलें आणि काय घातलें, हीच आजच्या भाषणाची कथा.

या कथेचा आरंभ युद्धाच्या राखेपासून करावा लागतो. १९४५ सालच्या ऑगस्टांत जपाननें शरणागति पत्करली. टोकियो व इतर मोठीं शहरें जळून गेलीं होतीं, अन्नाची ददात होती, आणि कारखानदारास पत्राहि मिळत नव्हता. अशा स्थितींत बिवा सरोवराच्या कांठीं असलेल्या ओत्सु शहरांत कोसुगे मात्सुझो नांवाच्या खेळणीं बनविणाऱ्या कारागिरानें एक युक्ति केली. अमेरिकन सैन्यानें टाकून दिलेले रिकामे डबे त्यानें गोळा केले, ते चिरून सपाट केले, आणि रस्त्यांतून धांवणाऱ्या अमेरिकन जीपगाडीची लहानशी प्रतिकृति त्यांतून घडविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती क्योटोच्या बाजारांत आली, आणि लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या. जेत्याच्या उष्ट्या डब्यांतून जेत्याच्याच गाडीचें खेळणें! रूपांतराची विद्या जपानी कारागिराला तेव्हांपासूनच अवगत होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें १९४७ पासून १९५२ पर्यंत, हा माल व्याप्त जपानांत तयार झालेला आहे अशा अर्थाचा छाप अंगावर घेऊन तेथील खेळणीं परदेशीं जात असत. पराभवाची ती मुद्रा घेऊनच त्यांनीं अमेरिकन मुलांच्या घरांत प्रवेश मिळविला.

जीपगाडीमागोमाग यंत्रमानव आला. यंत्राला माणसाचा आकार देण्याची हौस अनेक देशांना झाली. परंतु जपानी चित्रकथांनीं तिच्याबरोबर एक प्रश्नहि उपस्थित केला. या यंत्राचें मन कोणाचें? १९५१ सालीं तेझुका ओसामु यांनीं 'आतोम' नांवाचा यांत्रिक बालक निर्माण केला. त्याला स्वतःचें मन होतें, तो हंसे व रडे. १९५६ सालीं योकोयामा मित्सुतेरु यांनीं जो लोहपुरुष उभा केला त्याला मन मुळींच नव्हतें. एक मुलगा हातांतील यंत्रानें त्याला दुरून चालवी, आणि तें यंत्र चोराच्या हातीं लागलें तर लोहपुरुषहि चोराचा चाकर होई. १९७२ सालीं नागाई गो यांच्या 'माझिंगर झी' या कथेंत मुलगा एका प्रचंड यंत्राच्या मस्तकांतच जाऊन बसला. यंत्राचें बळ आणि मुलाची बुद्धि यांची ही सांगड जपानी बालकांना इतकी रुचली, कीं पुढील अनेक वर्षें असंख्य कथा याच वाटेनें चालल्या. मूल घरांत सर्वांहून लहान, सर्वांच्या आज्ञेंतलें. त्याला एका डोंगराएवढ्या देहांत बसवून, आतां हा देह तुझ्या आज्ञेंत आहे, असें सांगितल्यावर त्याला आणखी काय हवें?

कथेच्या पाठोपाठ खेळणीं आलीं. १९७४ सालीं पोपी नांवाच्या कंपनीनें जस्ताच्या मिश्रधातूचा, हाताला जड लागणारा माझिंगर विक्रीस आणला. १९७५ सालीं 'रायदीन' या मालिकेंतील यंत्रमानवाचें असें खेळणें निघालें, कीं तो दुमडला म्हणजे त्याचा पक्षी होई. १९७६ सालीं पांच वाहनें एकमेकांस जोडून एक पुरुष उभा करण्याची किमयाहि साधली. रूप पालटणें आणि जोडणें, या दोन्ही विद्या आतां बाजारांत आल्या होत्या.

ज्या घरांत आपले बहुरूपी वाढले, तें घर 'ताकारा' या कंपनीचें. ताकारा म्हणजे धन, खजिना. सातो यासुता यांनीं १९५५ सालीं टोकियोंत प्लॅस्टिकच्या वस्तूंचा एक लहान कारखाना काढला, त्याचेंच हें पुढील रूप. १९६० सालीं त्यांची दंडाला मिठी मारून बसणारी फुगविण्याची बाहुली जपानभर गाजली; १९६७ सालीं 'रिका' नांवाची मुलींची बाहुली निघाली. मुलांसाठीं मात्र ताकारानें अमेरिकेकडे पाहिलें. तेथील हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ सालीं 'जी. आय. जो' नांवाचा फूटभर उंचीचा शिपाई काढला होता. त्याचे हक्क ताकारानें घेतले; पण परक्या सैन्याच्या शिपायापेक्षां जपानी मुलांना भविष्यकाळाची ओढ अधिक होती. तेव्हां १९७२ सालीं त्याच शिपायाच्या धडाचा साचा घेऊन कातडी पारदर्शक करण्यांत आली, आंत चकाकणारी यंत्रें दिसूं लागलीं, आणि शिपायाचा 'हेनशिन सायबोर्ग' झाला. हेनशिन म्हणजे देह पालटणें.

पुढें १९७३ सालच्या अखेरीस तेलाचें संकट आलें व प्लॅस्टिक महागलें. फूटभर उंचीचा वीर परवडेनासा झाला. १९७४ सालीं ताकारानें त्याला दहा सेंटिमीटरांवर आणला, आणि या अडचणीचेंच भूषण केलें. 'मायक्रोमॅन' नांवाचे हे वीर दुसऱ्या ग्रहावरून आलेले व मुळांतच एवढेसे, माणसांच्या घरांत लपून राहणारे, अशी गोष्ट रचण्यांत आली. म्हणजे मुलाच्या हातांतील बाहुला ही कोणा मोठ्या पुरुषाची प्रतिकृति नव्हे. तो वीर प्रत्यक्ष तेवढाच! १९८३ सालीं या कुळाला 'मायक्रो चेंज' नांवाची शाखा फुटली. तिच्यांत घरगुती वस्तूंचीं सोंगें होतीं: पिस्तूल, ध्वनिफितीचें यंत्र, सूक्ष्मदर्शक, आणि मुलाच्या खेळण्यांतलीच एक आंखूड मोटार. सारीं बहुधा खऱ्या आकाराचीं. उलगडलीं कीं यंत्रमानव. खेळण्यानें खेळण्याचेंच सोंग घ्यावें, ही कल्पना मोठी गमतीची आहे.

ताकाराचें दुसरें कूळ 'डायाक्लोन'. हें १९८० सालीं निघालें. यांतील यंत्रें मोठीं, आणि त्यांना चालविणारा चालक जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचा. त्याच्या तळपायांत लोहचुंबक बसविलेलें असे, म्हणून तो यंत्राच्या धातूच्या भागांवर कोठेंहि चिकटून उभा राही. १९८२ सालीं या कुळांत मोटारी आल्या. लॅम्बोर्गिनी, पोर्श, लान्सिया, निस्सान अशा खऱ्या गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृति, आणि प्रत्येकींत त्या चिमुकल्या चालकासाठीं बसण्याची जागा. मूल प्रथम चालकाला आंत बसवी, गाडी चालवी, मग गाडीचा यंत्रमानव करी. आणि चालक आंत असल्यामुळें तो यंत्रमानव म्हणजे त्या चालकाचेंच वाढलेलें शरीर होई. ही सारी योजना ओनो कोजिन यांच्यासारख्या रचनाकारांची. कावामोरी शोजी या तरुण चित्रकारानेंहि त्यांतील कित्येक गाड्यांची आंखणी केली. १९८३ सालीं याच कुळांत लाल-निळ्या रंगाचा एक मालमोटारीचा यंत्रमानव जन्मास आला. त्याचें नांव 'बॅटल कॉन्व्हॉय'. तो पुढें जगप्रसिद्ध व्हावयाचा होता, पण त्याची जाणीव तेव्हां कोणालाच नव्हती.

या रचनेंतील कौशल्याकडे क्षणभर लक्ष द्यावें असें मी आपणांस सुचवितों. मोटार आणि मनुष्य या दोन आकृतींत साम्य असें कांहींच नाहीं. एक आडवी, एक उभी; एकीला चार चाकें, दुसऱ्याला दोन पाय. तरी एकाच सामग्रींतून दोन्ही पूर्ण उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि एकीच्या वेळीं दुसरीचा मागमूस लागतां कामा नये. या मालमोटारीचा पुढचा भाग उभा केला कीं तिच्या कांचा यंत्रमानवाची छाती होतात, मागचा भाग ओढून लांब केला कीं पाय होतात, आणि कुशीला घडी घातलेले हात बाहेर येऊन डोकें वर उठतें. बिजागरी सैल असली तर हात लोंबतो; घट्ट असली तर मुलाच्या बोटांना वळत नाहीं. पायांकडे वजन नसेल तर यंत्रमानव तोंडघशीं पडतो. मुलानें शेंकडों वेळां उलगडावें आणि मिटावें, तरी मोडूं नये, अशी ती वस्तु करावयाची. आपल्या घरांतील घडीची खुर्ची ज्यानें प्रथम केली, त्याच्याच गोत्रांतले हे लोक. फक्त यांची घडी अधिक अवघड.

आतां आपण समुद्र ओलांडूं. हॅस्ब्रो ही कंपनी पोलंडमधून आलेल्या हॅसेनफेल्ड बंधूंनीं १९२३ सालीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड संस्थानांत स्थापिली. प्रारंभीं कापडाचे तुकडे, मग शाळकरी मुलांच्या पेन्सिलींच्या पेट्या, आणि मग खेळणीं, असा तिचा क्रम. १९५२ सालीं दूरचित्रवाणीवर आपल्या खेळण्याची जाहिरात करून तिनें बाजाराची नाडी ओळखली होती. या कंपनीला जपानी बहुरूपी घेण्याचा आग्रह ज्यांनीं धरला, त्यांचें नांव हेन्री ऑरेन्स्टीन. त्यांचें चरित्र या खेळण्यांहून अद्भुत आहे. १९२३ सालीं पोलंडमधील एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. नाझींनीं त्यांच्या आईबापांचा बळी घेतला. ते स्वतः पांच बंदिशाळांतून फिरले. ज्यू शास्त्रज्ञ व गणिती यांची यादी होत आहे असें कळतांच, त्या विद्येचा गंध नसतांना त्यांनीं व त्यांच्या भावांनीं आपलीं नांवें तींत घातलीं. आणि त्या सोंगानें त्यांचे प्राण वांचले. युद्धानंतर ते अमेरिकेंत आले, खेळण्यांचे मोठे कारखानदार झाले, कारखाना बुडाल्यावर कल्पना विकणारे मध्यस्थ झाले. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानी बनावटीचें एक रूप पालटणारें खेळणें त्यांच्या दृष्टीस पडलें आणि त्यांनीं त्याचें मोल तत्काळ जाणलें. सोंग घेतल्यानें जीव वांचतो, हें ज्यानें स्वतः अनुभवलें, त्यानेंच सोंग घेणारीं खेळणीं जगापुढें आणावीं, हा योगायोगच. पण इतिहासांत असे योगायोग मनाला चटका लावून जातात. ऑरेन्स्टीन २०२१ सालीं, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

१९८३ सालीं हॅस्ब्रो व ताकारा यांच्यांत करार ठरला, आणि डायाक्लोन व मायक्रो चेंज या दोन कुळांतील निवडक यंत्रमानव एकाच नांवाखालीं एकत्र आणण्याचें निश्चित झालें. येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. हॅस्ब्रोचा शिपाई जपानांत गेला, तेथें त्याचा पारदर्शक वीर झाला, त्याचा छोटा मायक्रोमॅन झाला, त्याच्या वंशांत बहुरूपी निपजले. आणि तेच हॅस्ब्रोनें पुन्हां विकत घेतले. दूरदेशीं दिलेल्या लेकीचीं नातवंडें आजोळीं यावींत आणि आजीला त्यांचा चेहरा ओळखूं येऊं नये, तसें हें झालें.

परंतु हीं नातवंडें मुकीं होतीं. त्यांना नांवें नव्हतीं. असल्या तर वस्तुसूचीतल्या संज्ञा होत्या. अमेरिकेंत नुसतें खेळणें विकून भागणार नव्हतें, तेथें गोष्ट विकावी लागे. याचें कारण कायद्यांत आहे. १९६९ सालीं एका खेळण्यांतल्या मोटारीवर आधारलेल्या चित्रमालिकेविरुद्ध तक्रार झाली, आणि ही मालिका नव्हे, अर्ध्या तासाची जाहिरातच आहे, असा आक्षेप अमेरिकेच्या नभोवाणी व दूरचित्रवाणीवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानें ग्राह्य धरला. पुढें अनेक वर्षें खेळण्यांवर मालिका काढण्यास कोणी धजेना. रेगन यांच्या कारकीर्दींत वारें फिरलें; आयोगाचें धोरण सैल होत गेलें, आणि १९८४ सालीं त्यानें जाहिरातीवरील बंधनें काढून घेतलीं. धरणाचे दरवाजे उघडावेत तशा खेळण्यांच्या मालिका घरोघर वाहूं लागल्या. १९६८ पासून मुलांच्या कार्यक्रमांसाठीं झगडणाऱ्या पेगी चॅरेन या बाईंनीं व त्यांच्या संस्थेनें याविरुद्ध आवाज उठविला. त्यांच्या चळवळीला १९९० च्या कायद्यानें कांहीं यश आलें, आणि मुलांच्या कार्यक्रमांत ताशीं किती मिनिटें जाहिरात असावी यावर मर्यादा पडली. तोंपर्यंत एक पिढी वाढून गेली होती.

गोष्ट रचण्याचें काम हॅस्ब्रोनें मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे सोंपविलें. संपादक जिम शूटर यांनीं मूळ आराखडा केला: सायबरट्रॉन नांवाच्या यंत्रमय ग्रहावर दोन पक्षांत युगानुयुगें युद्ध चाललें आहे, आणि तें युद्ध घेऊन ते पृथ्वीवर येऊन पडले आहेत. लाल-निळ्या मालमोटारीला डेनिस ओनील यांनीं 'ऑप्टिमस प्राइम' हें लॅटिन वळणाचें भारदस्त नांव दिलें. उरलेल्या बहुतेकांचीं नांवें व स्वभाव ठरविण्याचें काम बॉब बुडियान्स्की या संपादकाकडे आलें, आणि १९८३ च्या नोव्हेंबरांत थोडक्या दिवसांत त्यांनीं तें उरकलें. कोणी गर्विष्ठ, कोणी भित्रा, कोणी संगीताचा शोकी, कोणी आपल्याच सेनापतीच्या गादीवर डोळा ठेवणारा. खलनायकाला त्यांनीं 'मेगाट्रॉन' म्हटलें, तेव्हां हें नांव फारच भयंकर वाटतें अशी हरकत कंपनीकडून आली. खलनायक भयंकर असावयासच हवा, असें त्यांनीं उत्तर दिलें व नांव कायम राहिलें. १९८४ सालीं चित्रकथा निघाली, सप्टेंबरांत दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, आणि खेळण्यांच्या पेटीच्या पाठीवर प्रत्येक बहुरूप्याचा स्वभाव छापून आला. मूल आतां मोटार मागेनासें झालें. तें नांव घेऊन मागूं लागलें.

आणि हें सारें होतांना तो तीन सेंटिमीटरांचा चालक पेटींतून नाहींसा झाला. जपानांत जें यंत्र होतें, तें अमेरिकेंत प्राणी बनलें. ज्याला स्वतःचें मन आहे, त्याला चालक कशाला? मात्र त्याची बसण्याची जागा तशीच राहिली. साचा बदलणें खर्चाचें काम, गोष्ट बदलणें स्वस्त! त्या काळच्या कित्येक खेळण्यांचें झांकण उघडून पाहिलें, तर आंत एक इवलेंसें आसन रिकामें दिसतें. ज्यांना जपानी इतिहास ठाऊक नव्हता, त्या अमेरिकन मुलांना याचें कोडें पडे. या जिवंत वीराच्या छातींत ही खुर्ची कोणासाठीं?

मूळ कुळांचीं आणखीहि चिन्हें राहिलीं. मेगाट्रॉन हा मायक्रो चेंजमधील पिस्तूल, म्हणून तो खऱ्या पिस्तुलाएवढा. ऑप्टिमस ही डायाक्लोनची मालमोटार, म्हणून ती खऱ्याहून कितीतरी पटींनीं लहान. गोष्टींत मात्र दोघे तोडीस तोड. तेव्हां मालिकेंत मेगाट्रॉन पिस्तूल होतांना आपोआप आंखडतो असें दाखवावें लागलें. बंबलबी हा चिमुकला वीर इतरांपेक्षां लहान कां, तर तो मुळांत खेळण्यांतल्या मोटारीचें सोंग घेतलेला होता म्हणून. पुढें १९८८ च्या अमेरिकन कायद्यानें खेळण्यांतील पिस्तुलांच्या टोंकाला नारिंगी खूण सक्तीची केली. १९९३ च्या आवृत्तींत मेगाट्रॉन रणगाडा होऊन आला.

नुसत्या यंत्राच्या जोरावर हें यश मिळालें असतें काय? याचें उत्तर इतिहासानेंच देऊन ठेविलें आहे. याच वेळीं जपानच्या बान्दाई कंपनीचे 'मशीन रोबो' अमेरिकेंतील टोंका कंपनीनें 'गोबॉट्स' या नांवानें आणले. ते आकारानें लहान, किंमतीनें स्वस्त, आणि बाजारांत आधीं पोंचलेले. त्यांचीहि मालिका १९८४ सालींच निघाली. पण त्यांचीं नांवें सपक, स्वभाव पुसट. मुलांनीं ते घेतले, खेळले आणि विसरले. तीन-चार वर्षांत गोबॉट्स मावळले, आणि १९९१ सालीं टोंका कंपनीच हॅस्ब्रोनें विकत घेतली. यंत्र दोघांचेंहि जपानी होतें. जीव ज्याच्यांत घातला गेला तो तगला.

१९८५ सालीं या प्रवासानें उलट वळण घेतलें. ताकारानें आपलीं स्वतःचीं खेळणीं अमेरिकन गोष्टीसह जपानांत परत आणलीं, आणि डायाक्लोनचें दुकान मिटलें. ऑप्टिमसला तेथें मात्र 'कॉन्व्हॉय' हें जुनेंच नांव राहिलें. याच वर्षीं नकली मालाचा इतका सुळसुळाट झाला, कीं खऱ्या खेळण्यांवर एक काळी चौकट चिकटविण्यांत येऊं लागली. अंगठ्यानें ती घांसून ऊब दिली कीं वीराच्या पक्षाचें चिन्ह उमटे. मित्र कीं शत्रु, हें मुलाच्या बोटाच्या उबेनें ठरावें! बाजाराच्या पहारेकऱ्यानें नकळत केलेलें हें काव्यच म्हटलें पाहिजे.

आतां कथेंतील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतों. १९८६ च्या ऑगस्टांत या वीरांचा मोठा बोलपट अमेरिकेंत झळकला. जुना माल संपत आला होता, नवा आणावयाचा होता. म्हणून जुन्या वीरांना वाटेला लावण्याची आज्ञा लेखकांना झाली. बोलपटाच्या पहिल्याच भागांत मुलांच्या डोळ्यांपुढें एकामागून एक ओळखीचे वीर पडले, आणि अखेरीस ऑप्टिमस प्राइम शय्येवर प्राण सोडतांना दाखविला. त्याचा लाल-निळा रंग ओसरून तो राखी झाला. चित्रगृहांत मुलें रडूं लागलीं. पालकांचीं संतापाचीं पत्रें आलीं. कारखान्याच्या हिशेबीं एक नमुना बंद झाला होता. मुलांच्या हिशेबीं घरांतलें वडील माणूस गेलें होतें. पीटर कलन या नटानें त्या वीराला जो आवाज दिला, तो सैन्यांतून परतलेल्या आपल्या थोरल्या भावाला आठवून दिला होता. खंबीर, पण आरडाओरड न करणारा. तो आवाज मुलांनीं आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळींत नेऊन बसविला होता, याची विक्रेत्यांना कल्पनाच नव्हती. हा अनुभव इतका झोंबला, कीं त्याच कंपनीच्या 'जी. आय. जो'वरील बोलपटांत मरावयाचा एक नायक ऐन वेळीं फक्त मूर्च्छित करण्यांत आला. आणि १९८७ सालीं मालिकेंत ऑप्टिमसला पुन्हां जिवंत करावें लागलें.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. ज्यांनीं खेळण्यांत जीव घातला, त्यांनीं तो मालाचा खप व्हावा म्हणून घातला, यांत शंका नाहीं. पेगी चॅरेन यांचा आक्षेप खोटा नव्हता. मुलाच्या कल्पनेला विक्रेत्यानें ठेका धरावयास शिकविणें, ही गोष्ट आईबापांनीं डोळ्यांत तेल घालून पाहावी अशीच आहे. परंतु एकदां जीव घातल्यावर त्याचें आयुष्य किती असावें, हें ठरविण्याचा हक्क मात्र कारखान्याकडे उरला नाहीं. मुलांनीं ती जाहिरात खरी मानली, आणि खरी मानून तिच्या कर्त्यालाच जाब विचारला.

पुढचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकेंत १९९० सालीं ही खेळणीं थांबलीं, १९९३ सालीं परत आलीं, १९९६ सालीं त्यांनीं मोटारी टाकून पशूंचीं रूपें घेतलीं. २००६ सालीं ताकारा व टोमी या कंपन्या एक झाल्या. २००७ सालीं त्यांच्यावर खर्चिक बोलपट निघाला व त्याची मोठी मालिका झाली. २०१८ च्या बोलपटांत बंबलबीला त्याचें मूळचें फोक्सवॅगनचें रूप परत मिळालें. २०२४ सालीं रॉचेस्टर येथील खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयानें त्यांना मानाच्या यादींत स्थान दिलें. जीं मुलें १९८६ सालीं चित्रगृहांत रडलीं, तीं आतां चाळिशी-पन्नाशीचीं झालीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जण आपल्या मुलांसाठीं म्हणून तींच खेळणीं पुन्हां विकत घेत असतात.

राहतां राहिली ती रिकामी खुर्ची. जपानी मुलाला सांगण्यांत आलें होतें कीं, हें यंत्र आहे, तूं आंत बैस आणि चालव. अमेरिकन मुलाला सांगण्यांत आलें कीं, हा स्वतंत्र जीव आहे, तूं त्याची गोष्ट ऐक. पहिल्यांत मुलाला सत्ता मिळाली, दुसऱ्यांत सोबत मिळाली. परंतु खेळणें जमिनीवर ठेवून गुडघ्यांवर बसलेल्या मुलाकडे आपण कधीं लक्षपूर्वक पाहिलें, तर एक गोष्ट दिसेल. पेटीच्या पाठीवर काय छापलें आहे तें त्यानें केव्हांच बाजूला सारलेलें असतें. वीर कोणत्या पक्षाचा, आज कोणीं जिंकावयाचें, मेलेला कोण आणि उठलेला कोण, हें सारें तेंच ठरवितें; तोंडानें मोटारीचा आवाजहि तेंच काढतें. विक्रेत्यानें चालकाला काढून टाकलें, पण चालविण्याची जागा सांच्यांतून काढली नाहीं, हें एका दृष्टीनें बरेंच झालें. त्या खुर्चींत कोणी बसावें हें मुलांना ठाऊक होतें, आणि तीं तेथें जाऊन बसलीं.